नंबर आहे, नोंद नाही

प्रति,
राज्यातील २९ महानगरपालिकांचे मा. आयुक्त



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या, म्हणून मी दार उघडलं. तेवढ्यात खाली पार्किंगमध्ये सुतळी बॉम्ब फुटला आणि आमची खारी माझ्या पायांजवळून निसटून जिन्याकडे धावली. चार वर्षांची, खारी बिस्किटाच्या रंगाची गावठी कुत्री. मी फाटकापर्यंत पोचेतो ती दिसेनाशी झाली होती. गळ्यात पट्टा नव्हता. सकाळी तिला अंघोळ घातली होती, त्यामुळे पट्टा ओला होता. तो गॅलरीत दोरीवर वाळत होता आणि आमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला, दोन्ही त्यालाच लटकत होते.

नऊ दिवसांनी ती सापडली. ते कसं, हे पुढे सांगते. हे पत्र तक्रारीचं नाही, म्हणून मी कोणत्या शहरात राहते तेही लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणीही हे आपल्याच शहराचं समजून वाचावं.

खारी घरी परतल्यावर तिच्या नऊ दिवसांचा माग मी जमेल तेवढा काढला. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका मुलाला ती रस्त्याकडेला लंगडताना दिसली होती. त्याने तिला रिक्षात घालून एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पंजातली काच काढली, पट्टी बांधली, पैसेही घेतले नाहीत. मग त्यांचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. कानाला खाच होती. नसबंदी झालेली आहे, म्हणजे रस्त्यावरचीच आहे, जिथून आणलीस तिथे सोड, असं त्यांनी सांगितलं आणि त्या मुलाने इमानेइतबारे तसंच केलं. दोघंही चांगलीच माणसं. त्या दोघांचं कुठेही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या वेळी खारीच्या दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप होती. तिच्यावरून कुणी स्कॅनर फिरवला नाही, कारण त्या दवाखान्यात स्कॅनर नव्हता.

आणि फिरवला असता तर? याचं उत्तर मला आजही टोचतं. स्कॅनरवर पंधरा अंक उमटले असते आणि तिथेच सगळं थांबलं असतं. चिप घातली त्या दिवशी तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत नंबराचा स्टिकर चिकटवून मिळाला. तो नंबर आपल्या नावावर कुठेतरी नोंदवायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परवान्याच्या अर्जात चिपच्या नंबरासाठी रकानाच नव्हता. मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत. खाते क्रमांक आहे, पण त्यापुढे नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही, असं खातं आम्ही एक दिवसही चालू ठेवलं नसतं. माझ्या घरातल्या जिवाचं खातं मात्र मी इतकी वर्षं तसंच ठेवलं होतं.

लोक मला विचारतात, चिप होती तर ती कुठे आहे ते मोबाईलवर का दिसलं नाही? हा गैरसमज घरोघरी आहे. चिपला बॅटरी नसते आणि ती कुठलाही ठावठिकाणा कळवत नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग जसा टोलनाक्यावरच्या यंत्राखाली आल्यावरच बोलतो, तसंच हिचं. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आला की त्याच्या लहरींवर चिप जागी होते आणि आपला आकडा सांगते, बस्स. १९९६ पासून याची आंतरराष्ट्रीय मानकं ठरलेली आहेत, आयएसओ ११७८४ आणि ११७८५. १३४.२ किलोहर्ट्झ ही लहर, पंधरा अंकी क्रमांक. त्या मानकातला कुठलाही स्कॅनर त्या मानकातली कुठलीही चिप वाचू शकतो. म्हणजे यंत्राचा प्रश्न जगाने केव्हाच सोडवला आहे. चिप आयुष्यभर टिकते, अंघोळीला काढावी लागत नाही, कुणाला कात्रीने कापून फेकता येत नाही. पण तिचं सगळं मोल दोन माणसांच्या हातात आहे. एक स्कॅनर फिरवणारा आणि दुसरा नोंद ठेवणारा.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २००९ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तिथल्या ५३ निवारा केंद्रांत आलेल्या, चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांचं पुढे काय झालं ते त्यात तपासलं होतं. बेवारस म्हणून आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी २१.९ टक्के मालकांकडे परतली, चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांचा फरक तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. एकूण १.८ टक्के, चिप असलेली ३८.५ टक्के. पण मी बँकवाली, माझी नजर गेली ती उरलेल्यांच्या कारणांवर. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्यापैकी ३५.४ टक्क्यांच्या बाबतीत नोंदवलेला फोन चुकीचा किंवा बंद होता. १७.२ टक्क्यांची नोंद भलत्याच कंपनीच्या नोंदवहीत होती. ९.८ टक्क्यांची नोंदच नव्हती. चिप कुठेही बिघडली नव्हती. बिघडलं होतं ते दप्तर.

दप्तर हे तुमचं काम आहे, साहेब. ते तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

पाळलेलं कुत्रं कुठलं आणि रस्त्यावरचं कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत जी दंगल झाली, तिच्या मुळाशी तोच होता. सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मुदत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर हिंदी लोकही सामील झाले, बाजार बंद पडले. कुत्र्याच्या अंगावर त्याचं घर कुठलं हे लिहिलेलं नसतं, आणि नेणाऱ्याने ते विचारायचंही नसतं, तेव्हा काय होतं ते मुंबईने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पाहिलं.

त्यावर बिल्ला हा उपाय पुढे आला. माझ्या वडिलांच्या कुत्र्याच्या गळ्यात नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर वर्षाचा आकडा ठोकलेला. बिल्ला असलेलं कुत्रं कुत्री पकडणारी गाडी उचलत नाही, एवढं आम्हा पोरांना पाठ होतं. बिल्ला दिसायचा, त्यातच त्याची ताकद होती. आज परवाना ऑनलाइन निघतो, पावती मोबाईलमध्ये येते. ते सोयीचं आहेच. पण कुत्रं हरवतं तेव्हा त्याच्याजवळ मोबाईल नसतो.

आता त्या कानाच्या खाचेबद्दल. ही गोष्ट तुमच्या नजरेला आणून देणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराची खाच पाडतात. ते शस्त्रक्रियेच्या गुंगीत असतानाच होतं. हेतू उत्तम आहे. लांबूनच कळावं, तेच कुत्रं पुन्हा पकडून पुन्हा फाडलं जाऊ नये. खारीही अशीच. आम्ही तिला रस्त्यावरून घरी आणली त्याआधीच तिचा कान कापलेला होता. गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांनी विकतचं पिल्लू न आणता असं गावठी कुत्रं दत्तक घेतलं, आणि घ्यावंच. पण ज्या दिवशी असं कुत्रं हरवतं, त्या दिवशी त्याच्या कानावरची खाच पाहणाऱ्याला सांगते, ‘मी इथलीच आहे, माझी काळजी करू नका.’ लॅब्रॅडॉर रस्त्यात दिसला की दहा माणसं थांबतात, कुणाचा असेल म्हणून फोटो टाकतात. गावठी कुत्री चारचौघांत उभी राहून मालकाची वाट पाहते आणि ती हरवली आहे हेच कुणाला कळत नाही.

एरवी ती निदान मोकळी तरी फिरत राहिली असती. पण सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायला सांगितली, आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. त्या आदेशांच्या बऱ्या-वाईटात मी या पत्रात जात नाही. शाळेच्या दारात कुत्रं चावलेल्या मुलाची आई होण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये, हे मला पटतं. फक्त एवढंच पाहा, फटाक्यांना घाबरलेली एखादी खारी रात्री एसटी स्टँडच्या आवारात शिरली, सकाळी गाडीने उचलली, तर ती आता उचलल्या जागी परत येणार नाही. ती निवाऱ्यात जाईल, आणि तिच्या कानाच्या खाचेमुळे तिथे कुणी तिच्या घराची चौकशीही करणार नाही. गाड्या जितक्या जास्त फिरतील, तितकी ही शक्यता वाढेल.

म्हणून पहिली मागणी. प्रत्येक गाडीत, प्रत्येक निर्बीजीकरण केंद्रात, निवाऱ्यात आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक स्कॅनर हवा. काही हजार रुपयांत येतो. साहेबांच्या कपाटात कुलूपबंद नको, जो माणूस कुत्र्याला हात लावतो त्याच्या हातात हवा. उचलताना एकदा, केंद्रात आल्यावर एकदा आणि सोडण्यापूर्वी एकदा, असा तीनदा फिरवायचा. खांद्यांच्या मधल्या जागेवरून एकदा झटकन नेला की झालं, असं नाही. चिप कातडीखाली सरकते, कधी पुढच्या पायापर्यंत उतरते. मानेपासून कमरेपर्यंत नागमोडी, सावकाश, दोन्ही कुशींवरून फिरवावा लागतो. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. आणि हे केल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याच्या कानाला कात्री लावू नये.

दुसरी मागणी नोंदवहीची, आणि ती एकट्या महापालिकेने करून भागणार नाही, तुम्ही २९ जणांनी मिळून करावी. आज चिप विकणाऱ्या कंपनीगणिक नोंदवही वेगळी. इंग्लंडने ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची केली, पण नोंदवह्या अनेक होऊ दिल्या, आणि सापडलेल्या प्राण्याचा नंबर नेमका कुठल्या वहीत शोधायचा हा घोळ तिथेही आहे. आपण कोऱ्या पानावरून सुरुवात करतो आहोत, तर एकच वही करू या. कुत्रं पिंपरीत नोंदलेलं आणि सापडलं पुण्यात, ठाण्यातलं सापडलं मुलुंडमध्ये, हे रोजचं आहे. महापालिकेची हद्द माणसांनाच कळत नाही, कुत्र्यांना काय कळणार! सापडलेल्या प्राण्याचा नंबर कुणीही फोनवर सांगावा, रात्री दोन वाजताही, आणि निरोप मालकाला जावा. मालकाचा पत्ता समोरच्याला द्यायची गरज नाही. मी स्वतः एकटी राहणारी बाई आहे, ते मला अजिबात नको आहे.

हे अवघड आहे असं म्हणू नका, कारण आपल्याच राज्यात हे झालेलं आहे. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी नंबराचा पिवळा बिल्ला असतो, त्या नंबरावर मालकाचं नाव, लसीकरण, वेत, सगळं ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंदलेलं असतं. जून २०२४ पासून त्या बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करायची नाही असा राज्याचा निर्णय आहे. आमच्या गावच्या गोठ्यातल्या म्हशीची ओळख आज माझ्या शहरातल्या कुत्रीपेक्षा पक्की आहे.

आणि चिप बसवण्याची सुरुवातही झालेलीच आहे, फक्त ती विखुरलेली आहे. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांत पिल्लांसकट सगळ्या कुत्र्यांना चिप हवी असं म्हटलं आहे. जातिवंत कुत्र्याची केनेल क्लबकडे नोंद करायची तर चिप लागते. आणि आमच्या ओळखीतली जी मुलं नोकरीसाठी जर्मनीला, आयर्लंडला जाताना घरचं कुत्रं बरोबर नेतात, त्यांना तर चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम तोंडपाठ असतो, कारण तो चुकला तर युरोपात प्रवेश मिळत नाही आणि लस पुन्हा द्यावी लागते. म्हणजे परदेशात जाणाऱ्या कुत्र्याची ओळख आपण चोख करतो. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये परवान्याबरोबर चिप सक्तीची केली. सक्ती आधी की स्कॅनर आणि नोंदवही आधी, असा प्रश्न आलाच तर मी म्हणेन, स्कॅनर आणि नोंदवही. नाहीतर लोक पैसे भरून नुसता तांदळाचा दाणा टोचून घेतील, मी घेतला तसा.

परवाना दरवर्षी नवा करायचा असतो, ही मला यातली सर्वांत मोलाची सोय वाटते. त्याच दिवशी मालकाला एक ओटीपी पाठवा. फोन चालू आहे की नाही, तिथेच कळेल. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या ३५ टक्क्यांचं कारण याच एका गोष्टीने मिटतं.

बिल्ला मात्र सोडू नका. चिप वाचायला यंत्र लागतं, बिल्ला वाचायला डोळे पुरतात. परवाना दिला की त्याबरोबर पट्ट्याला अडकवायचा बिल्ला द्या, त्यावर ठळक कोरलेला फोन नंबर. हल्ली क्यूआर कोडचे पट्टे निघाले आहेत. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस कुत्र्यांना लस देऊन असे पट्टे घातले गेले, तेव्हा बातम्या झाल्या होत्या. चांगली कल्पना आहे, पण भाजी विकणाऱ्या आजींना, रात्रपाळीच्या वॉचमनला वाचता येतील असे दहा आकडे त्यावर आधी हवेत. कोड मागच्या बाजूला चालेल. जीपीएसचे पट्टेही मिळतात, ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत. त्यांना रोज चार्ज करावं लागतं, आणि पट्टा निसटला की तेही निसटले.

मांजरांबद्दल तुमच्या कार्यालयांत क्वचित विचार होतो. पुण्याने २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवाना आणला, तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेलं. मला ते पाऊल योग्य वाटलं. घरातलं मांजर घाबरून बाहेर पडलं की ते लांब जात नाही, जवळच कुठेतरी जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे गप्प दबून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. तुमच्या परवान्याच्या कागदावर एवढी एक ओळ छापली तरी किती घरं पहिली रात्र योग्य जागी शोधतील! मांजराच्या पट्ट्याला मात्र ओढ बसली की आपोआप सुटणारं बक्कल हवं, नाहीतर ते गजात अडकून फास लागतो. पट्टा सुटू शकतो म्हणूनच मांजराला चिपची गरज कुत्र्यापेक्षा जास्त.

एक आक्षेप येईल, की शहरात माणसांना पाणी नाही आणि या बाईला कुत्र्याची नोंदवही हवी. मी तो मनापासून ऐकते. पण ही नोंदवही कुत्री न पाळणाऱ्यांच्याही कामाची आहे. म्हातारं झालं, आजारी पडलं, बदली झाली म्हणून कुत्रं गाडीत घालून घाटात सोडून येणारे लोक आहेत. नंबरापुढे नाव असलं की असं सोडलेलं जनावर त्याच्या दारापर्यंत माग नेतं. कुणाला पाळीव कुत्रं चावलं तर त्याला शेवटची लस कधी दिली ते लगेच कळतं. चावलेल्याने उपचार घ्यायचे ते घ्यायचेच, पण जबाबदार कोण हे तरी लपत नाही. हरवलेल्याला घर सापडतं आणि टाकून देणाऱ्याला लपता येत नाही, दोन्ही एकाच नोंदीने.

आता खारी कशी सापडली ते. आम्ही लावलेल्या चिठ्ठ्यांवर ‘तपकिरी गावठी कुत्री, कान कापलेला’ असं लिहिलं होतं. अशा कुत्र्या गल्लोगल्ली होत्या, फोन यायचे, मी जायची, ती नसायची. सहाव्या दिवशी माझ्या भाचीने मोबाईल चाळताना एक जुना फोटो काढला, त्यात खारी जांभई देत होती आणि जिभेच्या टोकापासून दोन बोटं आत काळा डाग स्पष्ट दिसत होता. तोच फोटो मोठा करून आम्ही पुन्हा चिकटवला. नवव्या दिवशी पहाटे दीड किलोमीटरवरच्या मंडईबाहेरच्या चहावाल्याचा फोन आला. ‘ताई, एक कुत्री चार दिवस इथं झोपते, आत्ता जांभई दिली, डाग हाय.’ मी गेले तर ती पोत्यावर बसली होती, पायाला त्या डॉक्टरांनी बांधलेली मळकी पट्टी अजून होती. मी हाक मारली, तर पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं.

त्या पट्टीकडे पाहूनच मी चौकशी सुरू केली आणि दवाखान्यापर्यंत पोचले. डॉक्टर फार हळहळले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्कॅनर आणला. एका माणसाने मनावर घेतलं तर आठवड्यात होतं.

येत्या लक्ष्मीपूजनाच्या आत सगळं होईल अशी माझी अपेक्षा नाही. पण गाड्यांत स्कॅनर आणि त्या तीन-चार रात्रींपुरता चालू राहणारा एक फोन, एवढं तरी होऊ शकतं. उचललेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो त्याच संध्याकाळी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकता येतो. कान आणि जीभ, दोन्ही दिसतील असा.

आमच्याकडे आता पट्टे दोन आहेत. अंघोळीच्या दिवशी कोरडा पट्टा आधी गळ्यात पडतो, मग ओला निघतो.

आपली,
परवाना असलेल्या एका गावठी कुत्रीची पालक